नाशिकमधून दुहेरीचा व्यावसायिक टेनिसपटू व्हायचं तर

दुहेरीत गुण ज्याचे त्याच्या नावावर जमा होतात, पण स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून. तुमची क्रमवारी ४०० आणि जोडीदाराची ९००, तर तुमची जोडी १३०० ची. पुढच्या आठवड्यात तुम्ही ५०० क्रमांकाच्या खेळाडूबरोबर उतरलात की जोडी ९०० ची. तुमच्या खेळात आठ दिवसांत काहीच फरक पडलेला नसतो. तरी एका ठिकाणी ड्रॉच्या, म्हणजे स्पर्धेत खेळणाऱ्यांच्या यादीच्या, बाहेर बसावं लागतं आणि दुसरीकडे सरळ आत. म्हणून कोणाबरोबर आणि कुठे खेळायचं हे ठरवणं दुहेरीत व्हॉलीइतकंच (टप्पा पडण्याआधी चेंडू मारण्याइतकंच) शिकावं लागतं. हे कसब लवकर शिकलेली मुलं पुढे गेलेली दिसतात, आणि हात सुंदर असूनही ते न शिकलेली मुलं वर्षानुवर्षं खालच्या पायरीवर अडकलेली दिसतात.

हे मार्गदर्शन नाशिक आणि आसपासच्या १४ ते २० वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे.

एकेरी कधी सोडायची

१७-१८ वर्षांपर्यंत सोडायची नाही. दोन कारणं आहेत. पहिलं, सर्व्हिस, रिटर्न आणि दमसास हे एकेरीतच घडतात. दुसरं, खालच्या स्तरावर ज्याची दुहेरीची क्रमवारी अजून लागलेली नाही त्याला एकेरीच्या क्रमवारीवरही दुहेरीत प्रवेश मिळू शकतो. एकेरी लवकर सोडली तर हा दरवाजा बंद होतो.

पण दुहेरीकडे 'एकेरी नाही जमली तर बघू' म्हणून पाहू नका. रोहन बोपण्णाने २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा तो ४३ वर्षांचा होता, आणि त्याच सुमारास तो जगात पहिल्या क्रमांकावर पोचला. दुहेरीत पायांची झीज कमी असते, त्यामुळे कारकीर्द लांबते. पस्तिशीनंतरही चांगली वर्षं मिळतात. आपल्या महाराष्ट्रातही उदाहरणं आहेत. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने सानिया मिर्झाबरोबर २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिक खेळली. ऋतुजा भोसलेने बोपण्णाबरोबर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. बार्शी नाशिकपेक्षा किती लहान गाव आहे, हे पालकांनी लक्षात घ्यावं.

दुहेरी कोणाला मानवते, हे ओळखायला चार गोष्टी पाहा. पहिली सर्व्हिस दहापैकी सात वेळा आत पडते का. छातीवर आलेला चेंडू मूल न घाबरता अडवतं का. रिटर्न मारताना नेटवर उभा असलेला माणूस त्याला अस्वस्थ करतो का. आणि जोडीदाराने सोपा चेंडू नेटमध्ये मारला की त्याचा चेहरा कसा होतो. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती शिकवायला सर्वांत अवघड.

चौकडी जमवा

नाशिकमध्ये कोर्ट मिळतं, प्रशिक्षक मिळतो; कमतरता असते ती एकाच वेळी एकाच तोडीच्या चार खेळाडूंची. दोघांत एकेरीचा सराव होतो. दुहेरीचा सराव चौघांशिवाय होत नाही, आणि तिघांवर चालवला तर नेटवरच्या माणसाला हलायची सवयच लागत नाही. म्हणून आधी चौकडी पक्की करा. क्लब वेगवेगळे असले तरी चालतील; गंगापूर रोडचा एक, इंदिरानगरचे दोन, नाशिकरोडचा एक असं जमवून आठवड्यात दोन ठराविक दिवस, दोन-दोन तास ठेवा. मुलं कमी पडली तर वयाने मोठे, क्लबात रोज खेळणारे काका-दादा घ्या. चाळिशीतला अनुभवी माणूस पंधरा वर्षांच्या मुलाला लॉब (डोक्यावरून उंच दिलेला चेंडू) आणि अँगल असा दाखवतो की तो धडा विसरला जात नाही.

दोन तासांची वाटणी साधारण अशी ठेवा:

१. पहिली १५ मिनिटं चौघंही नेटवर, समोरासमोर व्हॉली. चेंडू जमिनीला लावायचा नाही. रॅकेटची उंची छातीच्या खाली जाऊ द्यायची नाही.

२. पुढची ३० मिनिटं सर्व्हिस आणि रिटर्न, फक्त तिरकं अर्ध कोर्ट वापरून. सर्व्हिस करणारा पुढे येतो, रिटर्न त्याच्या पायात गेला पाहिजे. प्रत्येकाने दोन्ही बाजूंनी ३०-३० रिटर्न मारायचे आणि नेटच्या पट्टीपासून हातभर उंचीच्या आत किती गेले ते वहीत लिहायचं.

३. मग ३० मिनिटं नेटवरच्या माणसाने आडवं जाण्याचा, म्हणजे पोचिंगचा सराव. याबद्दल खाली सविस्तर.

४. उरलेला वेळ सामना. प्रत्येक गेम ४०-४० पासून सुरू करायचा, म्हणजे निर्णायक गुणाची सवय होते.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर उघडी कोर्टं आठवड्यात निम्मे दिवस ओली असतात. ते महिने वाया घालवू नका. भिंतीसमोर तीन मीटरवर उभं राहून व्हॉली, खांदा आणि जांघेच्या स्नायूंचा व्यायाम, जुन्या सामन्यांची चित्रफीत. द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीत घड दिसत नाहीत, पण काडी तेव्हाच तयार होते. तसंच हे चार महिने.

नेटवरची दोन पावलं

दुहेरीच्या सामन्यात सर्वांत जास्त गुण फिरतात ते नेटवरच्या खेळाडूच्या पहिल्या दोन पावलांवर. जोडीदार सर्व्हिस करत असताना तुम्ही सर्व्हिस बॉक्सच्या मध्यावर, नेटपासून साधारण तीन मीटरवर उभे असता. समोरचा रिटर्नला सज्ज आहे. चेंडू तुमच्या शेजारून गेला, समोर टप्पा पडला. आता त्याच्या रॅकेटकडे पाहा. रॅकेट मागे जाईपर्यंत तो दिशा बदलू शकतो. रॅकेट पुढे यायला लागलं की त्याचा निर्णय झालेला असतो आणि त्याची नजर चेंडूवर खिळलेली असते. तुम्ही हललेलं त्याला दिसत नाही. निघायचा क्षण तो. त्याच्या आधी निघालात तर तो रेषेलगत तुमच्या रिकाम्या जागेत मारेल. उशीर झाला तर चेंडू तुमच्या मागून जाईल.

दिशा आडवी ठेवू नका, तिरकी पुढे ठेवा, नेटच्या मधल्या पट्ट्याकडे. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर असतं आणि खांबापाशी १०७. मध्यावर चेंडू घेतला तर पंधरा सेंटिमीटरची सवलत मिळते. शिवाय पुढे गेल्याने चेंडू खाली उतरण्याआधी मिळतो. नेटला समांतर पळणाऱ्या मुलांना चेंडू गुडघ्यापाशी मिळतो आणि मग वर उचलून द्यावा लागतो. पोचिंग फसण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण मोठा हात: व्हॉलीला मागे स्विंग घेतला की चेंडू मागे किंवा नेटमध्ये. मनगट घट्ट, रॅकेट समोर, आणि फक्त पाऊल टाकायचं. मारायचं कुठे? सर्व्हिस लाइनवर उभ्या असलेल्या समोरच्या जोडीदाराच्या पायात किंवा त्या दोघांच्या मधल्या फटीत.

मध्यरेषा ओलांडली की परत फिरायचं नाही. तुम्ही पलीकडे गेलात म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याने तुमची सोडलेली बाजू धरायची. अर्ध्यात थांबून मागे वळणारा खेळाडू दोन्ही बाजू उघड्या टाकतो, आणि जोडीदाराला कळत नाही की त्याने कुठे पळायचं.

हे सगळं पहिल्या सर्व्हिसवर जमतं. दुसऱ्या सर्व्हिसवर रिटर्न करणारा आत येऊन मारतो, तेव्हा नेटवरच्याला वेळ मिळत नाही. म्हणून दुहेरीत ताशी दोनशे किलोमीटर वेगाची अर्धीच आत जाणारी सर्व्हिस नको. जरा कमी वेगाची, दहातली सात आत जाणारी, शरीरावर किंवा मध्यरेषेवर पडणारी सर्व्हिस हवी. मध्यरेषेवरच्या सर्व्हिसला रिटर्नचा कोन मिळत नाही, चेंडू नेटवरच्याच्या टप्प्यात येतो. बाहेर काढलेली सर्व्हिस रेषेलगतची गल्ली उघडते, ती सांगून-सवरूनच करायची. उभं राहताना एकेरीसारखं मधल्या खुणेला चिकटू नका. दीड-दोन मीटर बाजूला सरका, म्हणजे तिरका रिटर्न झाकता येतो.

इशारे पाठीमागे हाताने द्यायचे. पहिला इशारा सर्व्हिस कुठे, दुसरा मी जाणार की थांबणार. पुष्कळ जोड्या उघडा पंजा म्हणजे जाणार आणि मूठ म्हणजे थांबणार असं ठेवतात. तुमचं काहीही असो, दोघांचं एक असलं पाहिजे. सर्व्हिस करणाऱ्याने 'हो' म्हटल्याशिवाय इशारा पक्का नाही. दोन गुणांमध्ये २५ सेकंद असतात, ती इशाऱ्यांवर वाद घालण्यात जातात आणि सर्व्हिस घाईत होते. ही चूक नव्या जोड्यांत सर्रास दिसते. ठरवायचं आधी चेंडू घेताना, एकमेकांजवळ येऊन, एका वाक्यात.

आय फॉर्मेशन, म्हणजे नेटवरचा मध्यरेषेवरच वाकून बसतो आणि सर्व्हिसनंतर डावी-उजवीकडे निघतो, ते १६ वर्षांनंतरच नियमित करा. वाढत्या वयात रोज पन्नास वेळा तसं वाकून झेप घेतली की कंबर धरते.

रिटर्नबद्दल थोडक्यात: सामन्याच्या पहिल्याच रिटर्न गेममध्ये एक चेंडू रेषेलगत नेटवरच्याच्या बाजूने मारा, गुण गेला तरी चालेल. त्याला जागेवर राहायला भाग पाडायचं. दोनदा तो आडवा गेला की तिसऱ्यांदा त्याच्या डोक्यावरून लॉब.

ऊन, निर्णायक गुण आणि दहाचा टायब्रेक

दुहेरीत एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडू कायम एकाच टोकाकडून सर्व्हिस करतो. हे अनेक प्रशिक्षकांच्याही लक्षात येत नाही. बाजू पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गेमनंतर बदलतात. तुम्ही पहिला गेम उत्तरेकडून केलात तर पाचवा आणि नववाही उत्तरेकडूनच येतो. जोडीदाराचा तिसरा आणि सातवा दक्षिणेकडून. म्हणजे एकाला सेटभर डोळ्यांत ऊन आणि दुसऱ्याला सेटभर पाठीवर. टॉसआधीच ठरवा की उन्हाकडे तोंड करून कोण करणार. जोडीत एक डावखुरा असेल तर मोठा फायदा: सर्व्हिस करताना दोघं चेंडू वेगळ्या बाजूला उडवतात, त्यामुळे एकाच्या डोळ्यांवर येणारं ऊन दुसऱ्याला त्रास देत नाही. नव्या सेटला सर्व्हिसचा क्रम बदलता येतो आणि रिटर्नच्या बाजूही बदलता येतात. सेटच्या मध्ये मात्र दोन्ही नाही.

बहुतेक व्यावसायिक दुहेरीत ४०-४० झालं की पुढचा एक गुण गेम ठरवतो, आणि तो कोणत्या बाजूने घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. मिश्र दुहेरीत पुरुषाने सर्व्हिस केली तर पुरुषच रिटर्न करतो आणि स्त्रीने केली तर स्त्री. कोणती बाजू घ्यायची याचा नियम आपापला असतो. आमचं मत असं की दोघांपैकी 'चांगला' कोण ते पाहू नका, त्या दिवशी त्या सर्व्हिसला कोण नीट परतवतोय ते पाहा. सर्व्हिस आपली असेल तर जोर थोडा कमी करून शरीरावर मारा. या गुणावर डबल फॉल्ट म्हणजे गेम हातचा दिला.

एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, दोनचा फरक हवा. चारही ग्रँड स्लॅमच्या पुरुष आणि महिला दुहेरीत मात्र तिसरा सेट पूर्ण खेळतात. हा टायब्रेक नव्या सेटसारखा धरला जातो, म्हणून इथे जोडीतला सर्व्हिसचा आणि रिटर्नचा क्रम पुन्हा ठरवता येतो. ज्याची सर्व्हिस त्या दिवशी चालतेय त्याला आधी पाठवा. सहा गुणांनी बाजू बदलते. नवीन जोड्या इथे पहिल्या चार गुणांत अंदाज घेत बसतात. ०-४ झालं की सहा-सात मिनिटांत सामना संपतो. दुहेरीचा सराव संपवताना दर वेळी एक पूर्ण दहाचा टायब्रेक खेळाच.

रॅकेट, तार आणि नाशिकची हवा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. मुंबईत हवा दाट आणि दमट, चेंडू जड होतो, आपल्याकडे नेटच्या वर जाणारा चेंडू तिथे नेटमध्ये अडकतो. बंगळुरू ९०० मीटरच्या वर, तिथे तोच फटका बाहेर जातो. मुंबईला जाताना तारेचा ताण एक-दोन पौंड कमी, बंगळुरूला तेवढाच जास्त. नेहमीचा ताण ४८ ते ५५ पौंडांत कुठेही असेल. स्वतःचा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण स्पर्धेच्या ठिकाणी तार ओवणारा विचारतो तेव्हा 'नेहमीसारखी' हे उत्तर चालत नाही.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पार खाली जातो आणि आपल्याकडेही पहाटे कोर्टवर बोटं बधिर होतात. थंड चेंडू कमी उसळतो, पॉलिएस्टरची तार कडक लागते, आणि कोपर दुखायला लागतं ते याच महिन्यांत. पहाटेच्या सरावाला ताण दोन पौंडांनी उतरवा आणि पहिली सर्व्हिस पंधरा मिनिटांनंतरच. व्हॉलीला मऊपणा हवा असेल तर उभी तार पॉलिएस्टर आणि आडवी मल्टिफिलामेंट असं मिश्रण करून पाहा.

पॉलिएस्टर तुटत नाही म्हणून तशीच ठेवू नका. आठ-दहा तासांच्या खेळात तिचा जीव जातो आणि तिचा धक्का हाताला बसतो. सुटी पाकिटं घेण्यापेक्षा २०० मीटरचं रीळ घ्या. एका रॅकेटला साधारण १२ मीटर लागते, म्हणजे सोळा रॅकेट होतात. स्पर्धेला एकसारखी तीन रॅकेट लागतात. दोनवर भागत नाही: एक तुटली आणि दुसरीची तार गेली की काय करणार?

पायऱ्या

सुरुवात ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या, म्हणजे एआयटीएच्या नोंदणीपासून. १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालच्या गटांत टॅलेंट, चॅम्पियनशिप, सुपर आणि नॅशनल अशा चढत्या मालिका असतात. महाराष्ट्रातल्या स्पर्धांचं पाहते ती राज्य संघटना एमएसएलटीए. प्रत्येक स्पर्धेत एकेरीबरोबर दुहेरीचा अर्ज करा. एकेरीत पहिल्या दिवशी हरून त्याच संध्याकाळी परतीची गाडी धरणारी कुटुंबं पुष्कळ असतात. दुहेरी खेळली तर तेवढ्याच प्रवासखर्चात आणखी दोन-तीन सामने मिळतात.

आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, ज्युनियर स्पर्धा १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी. जे-३० पासून जे-५०० पर्यंत आणि वर ग्रँड स्लॅम. नोंदणीसाठी आयपिन, म्हणजे खेळाडूचा आयटीएफकडचा ओळख क्रमांक, लागतो. ज्युनियर क्रमवारी एकत्र काढतात: एकेरीच्या सर्वोत्तम सहा निकालांचे गुण, त्यात दुहेरीच्या सर्वोत्तम सहा निकालांच्या गुणांचा चौथा हिस्सा. दुहेरीने इथे थोडं का होईना वर सरकता येतं.

मग दोन वाटा. एक, अमेरिकेतलं विद्यापीठ. तिथल्या सांघिक लढतीत आधी दुहेरीचे तीन सामने, प्रत्येकी एका सेटचे होतात, आणि दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. दर आठवड्याला दडपणाखाली दुहेरी खेळायला लावणारी अशी शाळा दुसरीकडे नाही. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला आणि ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला याच वाटेने गेली. या वाटेने जायचं असेल तर दहावीपासून गुणपत्रकं, इंग्रजीची परीक्षा आणि सामन्यांच्या चित्रफिती सांभाळा. बारावीनंतर जास्त काळ थांबून स्पर्धा खेळत राहिलात तर खेळण्याची पात्रता कमी होऊ शकते, तेव्हा नियम आधी वाचा.

दुसरी वाट थेट आयटीएफ वर्ल्ड टेनिस टूर. पुरुषांसाठी एम-१५ आणि एम-२५, महिलांसाठी डब्ल्यू-१५ पासून डब्ल्यू-१०० पर्यंत. १४ वर्षांखाली प्रवेश नाही, आणि मुलींना १८ पूर्ण होईपर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळता येतील यावर मर्यादा. दुहेरीचा ड्रॉ साधारण १६ जोड्यांचा, म्हणजे चार विजयांत विजेतेपद. एम-१५ जिंकणाऱ्याला एटीपीचे, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेचे, १५ गुण, एम-२५ ला २५. त्यावर चॅलेंजर: ५०, ७५, १००, १२५, १७५, आणि विजेत्याला नावातल्या आकड्याइतके गुण. मग एटीपीच्या २५०, ५००, १००० आणि ग्रँड स्लॅम, जिथे ६४ जोड्या असतात.

गुण ५२ आठवडे टिकतात. गेल्या फेब्रुवारीत मिळवलेले या फेब्रुवारीत गळतात. पुढच्या तीन महिन्यांत कोणते गुण गळणार याची यादी भिंतीवर लावून ठेवा, कारण एकाच आठवड्यात क्रमवारी दोनशेने घसरली की आधी ठरवलेल्या स्पर्धेचा प्रवेश हुकतो.

एकदा तरी पुण्याला बालेवाडीला जाऊन मोठी दुहेरी पाहा. तिथे २०१८ ते २०२३ (२०२१ वगळता) एटीपी २५० स्पर्धा झाली. २०१९ ला बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ ला बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी दुहेरी जिंकली. आता तिथे चॅलेंजर होते. नाशिकहून २१० किलोमीटर, सकाळी निघून रात्री परत येता येतं. बसताना बेसलाइनच्या मागे बसा, आणि चेंडूकडे न पाहता ज्याच्याकडे चेंडू नाही त्या खेळाडूच्या पायांकडे पाहा.

पैसा आणि कागद

एम-१५ ची दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला मिळून हजार डॉलरच्या आत बक्षीस मिळत आलं आहे. दोघांत वाटून, कर कापून, हातात येईल ते एका परदेशी आठवड्याच्या विमान-हॉटेलला पुरत नाही. ही गोष्ट पालकांनी आधी समजून घ्यावी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या शेवटी घरात वाद होत नाहीत. खर्च कमी होतो तो सलग आठवड्यांनी: एकाच देशात तीन आठवडे एकामागोमाग स्पर्धा असतील तिथेच जा, जोडीदाराबरोबर खोली वाटून घ्या. भारतात स्पर्धा सलग लागतात तेव्हा त्या सगळ्या खेळा. चांगली क्रमवारी झाली की जर्मनी-फ्रान्समधल्या क्लब लीगमध्ये परदेशी खेळाडूंना मानधन मिळतं, आणि लढतीत दुहेरी असतेच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि तेल कंपन्याही खेळाडू घेतात. प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून जपा.

१५ वर्षांच्या आत काढलेला मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, जे आधी असेल तेवढाच चालतो. नेमका व्हिसाच्या वेळी तो संपायला आलेला असतो. युरोपातल्या शेंगेन देशांत मिळून १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, उन्हाळ्याचा दौरा आखताना दिवस मोजा. एकट्या मुलाबरोबर प्रशिक्षक जात असेल तर दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र हवं. परदेशात कापलेल्या कराचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात स्पर्धा कार्यालयातून मागून घ्या. सहा महिन्यांनी ईमेलवर मागितलं तर मिळेलच असं नाही.

आयटीएफ वर्ल्ड टेनिस टूरच्या अर्जाची मुदत साधारण अडीच आठवडे आधी असते आणि ग्रीनिच वेळेनुसार दुपारी दोनला संपते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. नाव मागे घ्यायची मुदत त्यानंतर काही दिवसांनी. ती चुकली तर दंड लागतो.

आणखी एक बाब, फार गंभीर. खालच्या स्तरावर पैसे कमी म्हणून सामना किंवा एखादा सेट सोडण्यासाठी माणसं गाठतात, बहुतेक वेळा समाजमाध्यमांवरून. दुहेरीत 'फक्त एक गेम' असं म्हणतात. उत्तर देऊ नका, संदेश पुसू नका, लगेच टेनिसच्या इंटिग्रिटी एजन्सीला कळवा. न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. टेनिसवर पैज लावायला खेळाडूला बंदी आहेच, त्याचे प्रशिक्षक आणि सोबत असणारे नातेवाईकही या नियमांत येतात. 'जोडीदाराचा खांदा दुखतोय' ही माहिती गावातल्या मित्रांच्या गटावर टाकणंसुद्धा महागात पडू शकतं. औषधांचंही तसंच: सर्दीचं औषध, जिममधली पावडर, वैद्यांचं चूर्ण, काहीही घेण्याआधी बंदी असलेल्या पदार्थांची यादी तपासा. डब्यावर लिहिलेलं नव्हतं, हे कारण ऐकलं जात नाही.

जोडीदार

शोध कसा घ्यायचा? स्वतःची क्रमवारी, हात, आवडती बाजू (ड्यूस म्हणजे कोर्टची उजवी, ॲड म्हणजे डावी) आणि पुढच्या सहा आठवड्यांचं वेळापत्रक एका संदेशात लिहा. 'दादा, खेळणार का?' एवढ्याला कोणी उत्तर देत नाही. 'ड्यूस बाजू, उजवा, क्रमवारी ७२०, अमुक आठवड्यात दिल्ली आणि पुढच्यात इंदूर' याला देतात. नकार आला तरी आभार माना. त्याचा जोडीदार ऐन वेळी आजारी पडतो तेव्हा त्याला तुमचं नाव आठवतं. दुहेरीचे पुष्कळ प्रवेश स्पर्धेच्या जागी, शेवटच्या दिवशी ठरतात. तिथे हजर असणाऱ्याला संधी मिळते, म्हणून एकेरीच्या पात्रता फेरीत हरलात तरी त्या दिवशी मैदान सोडू नका.

दोघांची आवडती बाजू एकच असेल तर आधीच बोला. ॲड बाजूला निर्णायक वाटणारे गुण जास्त येतात, म्हणून तिथे शांत डोक्याचा हवा. ड्यूस बाजूला भक्कम रिटर्नचा. डावखुरा बहुतेक ॲडला शोभतो, पण मधला चेंडू दोघांच्या फोरहँडवर यावा म्हणून काही जोड्या उलटंही करतात. चार सामने करून पाहा, मग ठरवा.

जोडी जमली की किमान आठ स्पर्धा एकत्र खेळायच्या असं बोलून घ्या. दोन पराभवांत जोडी तोडणारे खेळाडू वर्षात बारा जोडीदार बदलतात आणि त्यांचे इशारे कोणाशीच जुळत नाहीत. पण आठांनंतर प्रामाणिकपणे आकडे मांडा: दोघांच्या सर्व्हिसवर किती गेम टिकले, निर्णायक गुण किती घेतले, दहाचे टायब्रेक किती. वेगळं व्हायचं असेल तर समोर बसून सांगा, मुदतीच्या आधी सांगा, म्हणजे त्यालाही पुढच्या आठवड्यासाठी कोणी शोधता येईल. टूरवर तीच माणसं वर्षानुवर्षं भेटतात. आज सोडलेला जोडीदार दोन वर्षांनी समोर सर्व्हिस करत असतो, किंवा ज्या ड्रॉला तुमची बेरीज पुरत नाही त्या ड्रॉमध्ये तुम्हाला आत घेणारा तोच असतो.